उभं राहायचं की बसायचं

माणसाच्या आयुष्यात अशी एकही घडी नाही, जिच्यासाठी पैगंबरांनी स्वतःच्या वागण्यातून वाट घालून दिलेली नाही. पाणी कसं प्यावं, जोड्यात आधी कुठला पाय घालावा, शिंक आली तर काय म्हणावं, रुसलेल्या बायकोशी कसं वागावं, सगळं आहे. या रीतीला आम्ही सुन्ना म्हणतो, आणि मेखेलेन शहरातल्या आमच्या मशिदीत तिच्यावरून जीव ओवाळून टाकणारी माणसं चिकार आहेत. फक्त पार्किंगबद्दल काही सापडत नाही. आम्ही शोधलंय. शोधायला लावलं होतं गोडेलीव्हबाईंनी, आणि त्या फेब्रुवारीतल्या एका सोमवारी वारल्या.

बाई मशिदीच्या बरोबर समोर राहायच्या. आमची मशीद म्हणजे पूर्वीचं गालिच्यांचं दुकान. त्यामुळे गालिच्यांचा प्रश्न पहिल्याच दिवशी सुटला, गाड्या लावायचा आजवर सुटलेला नाही. दर शुक्रवारी दुपारी बाई स्वयंपाकघरातली एक खुर्ची उचलून आपल्या दारापुढच्या जागेत आणून ठेवत. खुर्ची कुणी हलवली की पोलिसांना फोन. आमच्या कमिटीचे अध्यक्ष हाजी अल्लाल यांची गाडी एकदा ऐन ईदच्या सकाळी उचलून नेली होती, मागच्या सीटवरच्या मिठाईच्या तबकासकट. तबक परत मिळालं तेव्हा त्यात मिठाई नव्हती. हाजींचा संशय पोलिसांवर नव्हता.

उलट बाजूनंही सांगायला हवं. गल्लीत मशीद नको म्हणून शेजाऱ्यांनी सह्या गोळा केल्या, तेव्हा सही न करणाऱ्या त्या एकट्याच. कारण विचारलं तर म्हणाल्या, ‘‘सही मागायला आलेला माणूस पाय न पुसता आत आला.’’

बाई फ्लेमिश, म्हणजे इथल्याच, जन्माच्या कॅथलिक, मरेपर्यंत कॅथलिक. आणि आमच्या मिमूनची बायको. मिमून माझ्या बापाच्या गावचा, समुद्रापलीकडच्या रिफच्या डोंगरातला. तो रोजे धरायचा, ती त्याच्यासाठी मसुराचं सूप रांधायची, मीठ जास्त पडायचं, आणि तो काही न बोलता प्यायचा. अन्नाला नाव ठेवू नये ही सुन्नाच आहे. मिमूनला जाऊन बरीच वर्षं झाली. मागे उरला एकुलता एक मुलगा, नोर्दिन.

नोर्दिन फिजिओथेरपिस्ट आहे. मशिदीतली निम्मी म्हातारी मंडळी सजद्यात जाऊन परत वर येतात ती त्याच्या कृपेनं. तसं म्हणायची सोय नाही म्हणा. कृपा वरच्याचीच, पण अपॉइंटमेंट नोर्दिनची.

मंगळवारी संध्याकाळी तो कमिटीपुढे आला. कमिटी म्हणजे चहाच्या खोलीत बसलेले आम्ही पाच जण. हाजी अल्लाल, इमाम सी तय्यब, खाटीक बुअज्जा, तरुणांच्या वतीनं अन्वार आणि चिटणीस म्हणून मी. मी शाळेत इतिहास शिकवतो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. ती पदवी आहे की टोमणा, ते म्हणणाऱ्यावर अवलंबून.

नोर्दिन बसला नाही. चहाचा पेला हातात तसाच धरून म्हणाला, ‘‘शुक्रवारी साडेअकराला आईसाठी चर्चमध्ये प्रार्थना आहे. तिथून गाडी दफनभूमीकडे निघेल. पाऊणच्या सुमाराला इथून जाईल. तुम्ही सगळे जुम्याच्या नमाजेला जमलेले असताच. तेवढ्यापुरते बाहेर येऊन उभे राहा. गाडी पुढे जाईपर्यंत. बस्स.’’

‘‘दुआ वगैरे?’’ बुअज्जानं विचारलं.

‘‘काही नको. चर्चमध्ये या असंही म्हणत नाही मी. नुसतं उभं राहायचं.’’

‘‘पण का रे बाळा?’’ हाजी म्हणाले.

नोर्दिननं पेला खाली ठेवला. ‘‘काका, तिच्या बाजूचं कुणी नाही. एक मामा ओस्टेंडला आहे, तो तिच्या लग्नापासून बोलत नाही. गाडीमागे मी एकटा असणार. हॉस्पिटलात तिनं विचारलं, मी गेले की तुझी माणसं दारापर्यंत तरी येतील का रे, की माझी जागा मोकळी झाली म्हणून गाड्या लावतील? मी म्हटलं, येतील. शब्द दिलाय मी.’’

हाजींनी दाढीवरून हात फिरवला. ‘‘बघू. विचार करून सांगतो.’’

‘‘यात विचार कसला?’’ नोर्दिन म्हणाला. मग हाजींकडे बघून, ‘‘गुरुवारी चारला या. गुडघ्यासाठी,’’ एवढं बोलून गेला.

मला वाटलं, दोन मिनिटांत मिटेल. सी तय्यबांनी सुरुवातही तशीच केली. हदीस तर सगळ्यांनाच ठाऊक आहे, म्हणाले. पैगंबरांसमोरून, त्यांच्यावर शांती असो, एक अंत्ययात्रा चालली होती. ते उठून उभे राहिले. कुणी म्हणालं, अहो, हा तर यहुदी होता. त्यावर पैगंबर म्हणाले, तोही एक जीव नव्हता का?

बुअज्जाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बुअज्जा रोज सकाळी बकऱ्यांच्या तंगड्या तोडतो, पण त्याच्या डोळ्यांत पाणी लवकर येतं. ‘‘मग झालं तर. उभं राहायचं.’’

‘‘आपल्या मालिकी पंथाच्या लोकांचं काय म्हणणं आहे?’’ हाजींनी विचारलं.

सी तय्यब चहाकडे बघू लागले. चांगला माणूस. फक्त त्यांच्या राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण दर वर्षी कमिटीच्या शिफारशीवर होतं, आणि शिफारशीखाली सही हाजींची असते. त्यामुळे त्यांच्याकडे कुठल्याही प्रश्नावर दोन मतं तयार असतात. ‘‘दोन मतं आहेत,’’ ते म्हणाले. ‘‘हजरत अलींकडून असंही आलंय की पैगंबर आधी उभे राहिले आणि नंतर बसले. आपले बरेच जाणकार म्हणतात, नंतरचं धरावं.’’

‘‘म्हणजे शेवटची रीत बसण्याची,’’ अन्वार म्हणाला.

अन्वारला हसण्यावारी नेणं सोपं आहे. घोट्याच्या वर पँट, खिशात दातून, बोलताना मध्ये मध्ये अरबी. पण तो खोटा नाही. पैगंबरांवर त्याचा इतका जीव आहे की त्यांनी न केलेली गोष्ट आपल्या हातून होईल या भीतीनं त्याला रात्री झोप लागत नाही, असं त्याची बायको माझ्या बायकोला म्हणाली होती. तो म्हणाला, ‘‘मास्तर, एखाद्यावर प्रेम असलं तर त्यानं सोडून दिलेली गोष्ट आपण धरून बसतो का?’’

‘‘प्रेम असलं तर ती गोष्ट त्यांनी का केली होती, हेही बघतो,’’ मी म्हणालो.

‘‘हे बघा, आले इतिहासाचे मास्तर!’’

‘‘एक मिनिट,’’ बुअज्जा म्हणाला. ‘‘बसले म्हणजे? आधीच बसलेले होते ते तसेच बसून राहिले, की उभे होते ते खाली बसले?’’

हा प्रश्न तोवर कुणाला सुचला नव्हता. सी तय्यबांनी सांगितलं की यावरही मतं आहेत.

‘‘कारण बाहेर येणारा माणूस उभाच असतो,’’ बुअज्जा म्हणाला. ‘‘दारातून कुणी बसून बाहेर येत नाही. मग गाडी दिसली की आम्ही रस्त्यावर बसायचं?’’

‘‘बाहेर यायचंच कशाला?’’ अन्वार म्हणाला. ‘‘इथली माणसं मेलेल्यांसाठी रांगेत उभी राहतात, टोप्या काढतात. आपण त्यांची नक्कल करायची?’’

‘‘अरे, ही नक्कल नाही, ही सुन्ना आहे!’’

‘‘सोडून दिलेली सुन्ना.’’

असं पुष्कळ वेळ चाललं. ईदच्या मिठाईचा विषय कुणीही काढला नाही. पण हाजी सारखे खिडकीतून समोरच्या मोकळ्या जागेकडे बघत होते, आणि ते काय बघताहेत हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. शेवटी ते म्हणाले, ‘‘तिकडे गावाकडे नादोरला मोठे आलिम आहेत, धर्माचे पंडित, त्यांना विचारू. आपल्या मनानं नको.’’ आमच्याकडे ज्याला ‘नाही’ म्हणायचं नसतं तो नादोरला विचारतो.

नादोरचं उत्तर बुधवारी फोनवर आलं. कॅथलिक बाईची जनाजाची नमाज पढता येत नाही, असं त्यांनी सविस्तर सांगितलं होतं. ती कुणी मागितलीच नव्हती. पुन्हा विचारलं. मग त्यांचा फोन लागेना.

गुरुवारी हाजींना मीच गाडीतून नोर्दिनकडे नेलं. आईला जाऊन तीन दिवस होताहेत आणि हा दवाखाना उघडा ठेवतो, याचं हाजींना आश्चर्य वाटत होतं. अपॉइंटमेंट रद्द करावी असं मात्र वाटलं नव्हतं. ते टेबलावर उताणे पडले. नोर्दिन गुडघा हातात घेऊन वाकवू लागला.

‘‘आह! सावकाश रे.’’

‘‘ढिला सोडा, काका. काय ठरलं?’’

‘‘विचारलंय. उत्तर यायचंय.’’

‘‘अजून वाकवा. कुणाचं उत्तर?’’

‘‘नादोरच्या आलिमांचं. तू समजून घे. तुझी आई आम्हालाही... शेजारीण होती. पण दीनचा, धर्माचा मामला आहे, चूक व्हायला नको.’’

नोर्दिननं पाय सरळ केला, परत वाकवला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, ‘‘अब्बा गेले तेव्हा त्यांना आंघोळ कुणी घातली होती?’’

‘‘मी घातली,’’ हाजी म्हणाले. ‘‘या हातांनी. सख्ख्या भावासारखा होता.’’

‘‘आणि मशिदीच्या अंगणात नमाज झाली तेव्हा आई कुठे होती?’’

हाजी छताकडे बघत राहिले. मला उत्तर माहीत होतं. बाई समोरच्या फुटपाथवर उभ्या होत्या, मिमूनचाच ओव्हरकोट घालून. त्यांनी आत यावं की नाही यावर तेव्हाची कमिटी विचार करत होती. मुसलमान नसलेली बायको जनाजाला अंगणात आली तर चालतं का, असा प्रश्न होता. चालतं, असं उत्तर आलं. तोवर मिमूनची पेटी गावी जाण्यासाठी विमानतळावर पोहोचलीही होती.

‘‘तिनं ते आयुष्यात कधी बोलून दाखवलं नाही,’’ नोर्दिन म्हणाला. ‘‘त्याच्या दुसऱ्या शुक्रवारपासून तिनं ती खुर्ची ठेवायला सुरुवात केली. उठा. दोन आठवडे जिना टाळा.’’

परतताना पुलाजवळ सिग्नलला थांबलो तेव्हा हाजी म्हणाले, ‘‘मास्तर, ती पार्किंगसाठी ठेवायची ना रे खुर्ची?’’

‘‘आम्ही तसंच समजत होतो, हाजी.’’

‘‘तिच्याकडे तर गाडीच नव्हती,’’ हाजी म्हणाले. हे त्यांच्या आजच लक्षात आलं होतं. खरं सांगायचं तर माझ्याही.

त्याच संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, बाहेर यायचं. अन्वारनं तोंड उघडलं तेव्हा म्हणाले, ‘‘ज्याला उभं राहायचं त्यानं उभं राहावं, ज्याला बसायचं त्यानं बसावं. दोन्ही मतं आहेत ना? मग दोन्ही पाळू.’’ सी तय्यबांच्या चेहऱ्यावर परवाना दहा वर्षांसाठी मिळाल्यासारखा आनंद पसरला. नोर्दिनला ही बातमी हाजींनी स्वतः फोन करून दिली. ‘‘सगळे येताहेत. काहीजण बसतील, पण येताहेत,’’ असं मी माझ्या कानांनी ऐकलं. पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही.

शुक्रवारी आभाळ भांड्याच्या बुडासारखं होतं. साडेबारापासून माणसं बाहेर यायला लागली. बसणाऱ्यांसाठी चहाच्या खोलीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या फुटपाथवर ओळीनं मांडल्या. खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा बसण्याच्या मताची माणसं आधी आलेल्यांना उठवायला लागली. ‘‘तुझं मत उभं राहण्याचं ना? मग ऊठ की!’’ ‘‘माझं मत उभं राहण्याचं आहे, पण गुडघे बसण्याच्या मताचे आहेत.’’ सायकलवरून जाणारी एक बाई थबकली आणि इथून बस सुटते का, म्हणून विचारून गेली. समोरच्या घरापुढची जागा रिकामी होती. गल्लीत जागा मिळावी म्हणून लोक जीव टाकतात, पण त्या दिवशी तिथे कुणी गाडी घातली नाही. तेवढं आमचं नाव राहू द्या.

पाऊण वाजला. गाडी नाही. अन्वार दारातच उभा होता, एक पाय आत, एक बाहेर. मी म्हटलं, ‘‘तुझं कुठलं मत?’’

‘‘मी जोडे घालतोय,’’ तो म्हणाला. बराच वेळ घालत होता.

‘‘चर्चमध्ये उशीर झाला असेल,’’ बुअज्जा म्हणाला. ‘‘त्यांच्यात गाणी असतात.’’

खुतब्याची, म्हणजे नमाजेआधीच्या प्रवचनाची, वेळ झाली. सी तय्यबांनी हाजींकडे पाहिलं. हाजी अल्लालांनी तीस वर्षांत खुतबा एका मिनिटानं पुढे ढकलू दिलेला नाही. मागे आतल्या भिंतीचं प्लॅस्टर कोसळलं तेव्हाही नाही. ते रस्त्याच्या वळणाकडे बघत म्हणाले, ‘‘थांबा जरा.’’

आणि तेवढ्यात वळणावरून लांबलचक काळी गाडी आली. काचा काळ्या, वेग बेताचा. उभे होते त्यांनी माना खाली घातल्या. मग खुर्च्यांच्या ओळीत हाजींनी काठी टेकली, दोनदा प्रयत्न केला आणि तिसऱ्यांदा उठले. ते उठले तसा शेजारचा उठला, मग त्याच्या शेजारचा. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचे पाय फरशीवर घासले जाण्याचा तो आवाज माझ्या अजून लक्षात आहे. अन्वार दोन्ही पायांनी बाहेर आला होता. त्याच्या एका पायात जोडा नव्हता. सी तय्यबांचे ओठ हलत होते. कुठल्या मतानुसार, ते मी विचारलं नाही. गाडी आमच्यासमोरून गेली, पुढच्या चौकात दिवा दाखवून डावीकडे वळली.

मागे नोर्दिनची गाडी नव्हती. मला वाटलं, तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसला असेल.

त्या दिवशीचा खुतबा सी तय्यबांनी आयुष्यात पहिल्यांदा कागदाशिवाय दिला. तोही एक जीव नव्हता का, एवढ्या एका वाक्यावर. दुसरं मत त्यांनी काढलंच नाही. माणसं रडली. नमाज संपल्यावर लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते, ईद असल्यासारखे. हाजी मला म्हणाले, ‘‘मास्तर, आज सुन्ना जिवंत झाली.’’ त्यांचे डोळे लाल होते, आणि मला ते खरंच वाटलं.

चारच्या सुमाराला मी रस्ता ओलांडून नोर्दिनला भेटायला गेलो. तो आईच्याच घरी होता. काळा टाय तसाच, बुटांना दफनभूमीची माती. स्वयंपाकघरात एकटा बसला होता. मी म्हणालो, अल्लाह तुला सबुरी देवो. मग मला राहवेना. म्हटलं, ‘‘सगळे आले होते. सगळे उभे राहिले, नोर्दिन. हाजीसुद्धा. त्या गुडघ्यांवर.’’

त्यानं माझ्याकडे पाहिलं. ‘‘किती वाजता?’’

‘‘एकच्या आसपास. गाडी गेली तेव्हा.’’

‘‘गाडी इथून गेली नाही, मास्तर. मी काल रात्रीच ड्रायव्हरला फोन करून बाहेरच्या वळणरस्त्यानं न्यायला सांगितलं. एकला ती कबरीत होती.’’

मी समोरची खुर्ची ओढून बसलो.

‘‘हाजींचा फोन आला,’’ तो म्हणाला. ‘‘काहीजण बसतील म्हणाले. मला वाटलं, मी तिच्या मागे गाडीत असणार. काचेतून मला दिसणार. कोण बसलंय ते मला बघायचं नव्हतं. तिला शब्द दिला होता, तो मोडला. पण तिच्यासमोर मोडला नाही.’’

‘‘अरे, पण ते उठले! एकूण एक!’’

‘‘हो, आत्ता सांगितलंत तुम्ही,’’ नोर्दिन म्हणाला. तो उठला, किटली ठेवली, आणि दोन पेले काढायच्या ऐवजी एकच काढून ओट्यापाशी उभा राहिला. थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं, मग दुसरा काढला. चहा आम्ही प्यायलो. मी निघालो तेव्हा तो म्हणाला, ‘‘हाजींना सांगू नका.’’

मी सांगितलं. मंगळवारच्या बैठकीत हाजी शुक्रवारचा प्रसंग चौथ्यांदा सांगायला लागले तेव्हा मला ऐकवेना. बोलून गेलो. खोलीत कुणी पेल्याला हात लावला नाही. हाजींचा चेहरा मी आधी कधी तसा पाहिला नव्हता. ते नुसते म्हणाले, ‘‘म्हणजे ती एकटीच गेली,’’ आणि काठीची मूठ चोळत राहिले.

अन्वारनं विचारलं, ‘‘मग आपण कुणासाठी उभे राहिलो? ती गाडी कुणाची होती?’’

बुअज्जानं घसा खाकरला. ‘‘माझ्या पुतण्यानं स्वतःच्या लग्नात घेतली होती ती. भाड्यानं देतात, लग्नाच्या वरातीला. मी तेव्हाच ओळखली.’’

‘‘आणि बोलला नाहीस?’’

‘‘सगळे उठले होते,’’ बुअज्जा म्हणाला. ‘‘शुक्रवारी ती गाडी धुवायला नेतात.’’